एपिंटचे पठार

ग्रेट ब्रिटन बेटाच्या पश्चिमेस वेल्स हा डोंगराळ देश आहे. त्या देशात एपिंट नावाचे एक विस्तीर्ण पठार आहे. त्याची उंची सुमारे ४७५ मीटर असून सेनीब्रिज, ट्रेकॅसल इत्यादी गावे त्याच्या परिसरात वसली आहेत. ‘एपिंट’ म्हणजे घोड्यांची वाट, असा या नावाचा अर्थ सांगतात. पूर्वी याच पठारावरून गुरांचे कळप इंग्लंडच्या बाजारांकडे हाकीत नेत असत.

येथील जमीन हलकी आणि वारा बोचरा. म्हणून मेंढपाळी हाच लोकांचा मुख्य व्यवसाय होता. मेंढ्यांची लोकर कातरण्याचे दिवस आले, की शेजारी एकमेकांच्या मदतीस धावून जात. किलिएनी येथे लहानशी शाळा होती; बाबेल येथे प्रार्थनामंदिर होते. घरीदारी सर्वांच्या ओठी वेल्श भाषाच असे.

१९३९ मध्ये दुसरे महायुद्ध सुरू झाले. सैनिकांना तोफांचा सराव करण्यासाठी सरकारने एपिंटची सुमारे ३०,००० एकर जमीन ताब्यात घेण्याचे ठरविले. जून १९४० अखेर ५४ घरांतील २१९ माणसांना आपली घरे सोडावी लागली. आपण लवकरच परतू, अशी अनेकांना आशा होती. एक शेतकरी तर भिंतींना ओल येऊ नये, म्हणून आपल्या रिकाम्या घरी येऊन विस्तव पेटवीत असे!

लोकजीवनाचे अभ्यासक आयोर्वर्थ पीट त्या वेळी तेथे गेले होते. घराबाहेर बसलेली एक वृद्धा डोळ्यांत आसवे आणून त्यांना म्हणाली, की तुम्ही त्वरित परत जा; येथे आता जगाचा अंत झाला आहे.

१९४५ मध्ये युद्ध संपले. परंतु जमीन परत मिळाली नाही. आजही तेथे सैनिकांचा सराव चालतो. प्रार्थनामंदिराच्या जागी आता केवळ पायाचे अवशेष आणि जुनी थडगी उरली आहेत. विखुरलेली कुटुंबे इतरत्र स्थिरावली, पण पठारावरचा वेल्श बोलीचा नाद मात्र कायमचा थांबला. देशाचे रक्षण करणे अवश्य होते, हे खरे. तथापि त्याचे मोल या थोड्या मेंढपाळांनी आपल्या सर्वस्वाने चुकविले, याचा विसर पडू नये.

स्वाध्याय
१. शेतकरी रिकाम्या घरात विस्तव का पेटवीत असे?
२. माणसे विखुरली, की त्यांच्या भाषेवर कोणता परिणाम होतो? चार-पाच वाक्यांत लिहा.