शब्दांचे घाव आणि ताटातील अन्न

मुलाला मारले तर वळ उठतो. तो आईबापांस, शेजाऱ्यास, शिक्षकास दिसतो. टोचून बोलल्याचा, हिणवल्याचा, किंवा घरात असूनही नसल्याप्रमाणे वागविल्याचा वळ मात्र कोणास दिसत नाही. मानसशास्त्रात यास भावनिक छळ व भावनिक उपेक्षा अशी नावे आहेत. रागाच्या भरात एखादा कठोर शब्द निघाला म्हणजे छळ झाला असे नव्हे. असे कोणत्या घरात घडत नाही? परंतु धाकट्या भावंडाशी सतत तुलना, चारचौघांत नाचक्की, ‘तू जन्मास आली नसतीस तर बरे’ अशी भाषा, किंवा शिक्षा म्हणून दिवसेंदिवस धरलेला अबोला हाच घराचा नित्यक्रम झाला, म्हणजे त्यास छळच म्हणावे लागते. केंद्र शासनाच्या महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ साली तेरा राज्यांतील मुलांची पाहणी प्रसिद्ध केली. तीत जवळजवळ निम्म्या मुलांनी असा त्रास होत असल्याचे सांगितले होते, व त्रास देणाऱ्यांत आईबापांचाच भरणा अधिक होता.

अशा मुलांपैकी काहींच्या मनाचा ताण वयात येताना अन्नावर उतरतो. या विकारांचे तीन प्रकार प्रमुख आहेत. वजन वाढण्याच्या भीतीने किंवा अन्य कारणाने अन्न तोडत जाणे, हा अ‍ॅनोरेक्सिया नर्व्होसा. हे नाव इंग्लंडमधील वैद्य विल्यम गल यांनी १८७३ मध्ये रूढ केले. अधाशीपणे पुष्कळ खाऊन नंतर ते ओकून टाकणे किंवा उपास करून त्याची भरपाई करू पाहणे, हा बुलिमिया. त्याचे वर्णन जेराल्ड रसेल यांनी १९७९ मध्ये केले. तिसऱ्यात अधाशी खाणे असते, भरपाई नसते. मुलींत हे विकार अधिक आढळतात, पण मुलगे त्यांतून सुटलेले नाहीत.

घरातील बोलणे आणि ताटातील अन्न यांचा संबंध स्वभावाच्या मार्गाने जुळतो, असे अभ्यासकांचे मत आहे. सतत हिणविले गेलेले मूल परक्याची निंदा हळूहळू स्वतःच्या तोंडाने करू लागते. कोणी अतिदक्ष होते. अक्षर जरा बिघडले तरी पान फाडते, आणि निदान आपले शरीर तरी आपल्या ताब्यात राहावे म्हणून भुकेशी झुंजते. कोणी उतावळे होते. दुःख सोसवेनासे झाले की खाऊन ते क्षणभर दडपते. मात्र येथे घाई करू नये. छळामुळे विकाराचा धोका वाढतो एवढेच म्हणता येते. आनुवंशिकतेचाही त्यात वाटा आहे, आणि प्रेमळ घरांतील मुलेही या विकारांस बळी पडतात. म्हणून मूल जेवत नाही एवढ्यावरून आईबापांस दोषी धरणे अन्यायाचे होईल.

स्वभाव पाहून निदान करू नये, यास दुसरेही कारण आहे. अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात १९४४-४५ मध्ये अ‍ॅन्सेल कीज यांनी छत्तीस निरोगी तरुणांस सुमारे सहा महिने अपुऱ्या अन्नावर ठेवले. हे तरुण स्वेच्छेने आले होते. काही काळाने ते चिडखोर, उदास व एकलकोंडे बनले. रात्रंदिवस त्यांच्या मनात अन्नाचेच विचार घोळू लागले. म्हणजे जो हट्टीपणा शिक्षकास मुलीचा स्वभाव वाटतो, तो पुष्कळदा उपाशी मेंदूचा परिणाम असतो. अशा मुलीला ‘नखरे करते’ म्हणणे हे जखमेवर मीठ चोळणे आहे.

शाळेत मध्यान्ह भोजनाची पंगत बसते, म्हणून शिक्षकास जे दिसते ते वैद्यासही दिसत नाही. एखादी मुलगी रोज आपला भात दुसरीच्या ताटात सारते, जेवण झाल्याबरोबर एकटीच दूर जाते, वारंवार चक्कर आल्याचे सांगते, उपासाचे निमित्त आठवड्यात तीनतीनदा काढते, तर त्याची नोंद घ्यावी. गरिबी, पोटातील जंत, रक्तक्षय, क्षयरोग ही कारणे खेड्यात अधिक संभवतात. म्हणून प्रथम प्राथमिक आरोग्य केंद्रात तपासणी व्हावी. शारीरिक कारण न सापडल्यास जिल्हा रुग्णालयातील मानसोपचार विभाग गाठावा. टेली-मानस या शासकीय सेवेचा १४४१६ हा दूरध्वनी क्रमांक विनामूल्य आहे. घरी छळ होत असल्यास बालकांसाठी १०९८ आहे.

मुलीशी बोलणे एकांतात, पण दार उघडे ठेवून व शक्यतो शिक्षिकेने करावे. ‘जेवत का नाहीस?’ या प्रश्नाने आरंभ केल्यास उत्तर येत नाही. ‘हल्ली थकलेली दिसतेस, बाळ’ एवढे पुरते. जबरदस्तीने घास भरवू नये. पालकांस बोलावून तिच्यासमोर तक्रार सांगितली, तर घरी गेल्यावर त्याचे काय होईल याचा आधी विचार करावा.

शाळेचे स्वतःचेही काही देणे लागते. ‘जाडी’, ‘काडी’, ‘काळी’ ही टोपणनावे कधीकधी वर्गातच, शिक्षकाच्या विनोदातून जन्मतात. शिक्षणहक्क अधिनियम, २००९ च्या कलम १७ ने शारीरिक शिक्षेबरोबर मानसिक छळासही मनाई केली आहे, हे पुष्कळांच्या ध्यानात नसते. आरोग्यतपासणीच्या दिवशी वजनाचे आकडे सर्व वर्गासमोर मोठ्याने पुकारण्याची रीत अनेक ठिकाणी आहे. त्याऐवजी मुलांस एकेक करून आत बोलवावे, आकडा नोंदवहीत लिहावा, आणि ती नोंदवही कपाटात ठेवावी.