काम वरठीचं, नाव भंडारा रोडचं

आमच्या गावच्या स्टेशनावर उतरलात तर पाटी दिसेल 'भंडारा रोड' अशी. गाव वरठी. धूळ आमची, मालगाड्यांचा खडखडाट आमचा, तिकिटावर नाव मात्र दहाएक किलोमीटरवरच्या भंडाऱ्याचं. लहानपणी याची गंमत वाटायची. 2022 च्या मार्चमध्ये पदोन्नतीची यादी नोटीस बोर्डावर लागली आणि गंमत संपली.

ऑफिस कुठलं ते सांगत नाही, अजून तिथंच बसायचं आहे. 2012 ला लिपिक म्हणून लागलो. 2020 च्या ऑगस्टअखेर वैनगंगेचा पूर आला, तेव्हा बाधितांच्या याद्या मी केल्या. तीन रात्री. तोंडाला मास्क, लाइट जायची तेव्हा मोबाइलच्या उजेडात. त्या याद्या घेऊन बैठकीला गेला तो माझ्यापेक्षा तीन वर्षांनी ज्युनिअर माणूस, कारण त्याला 'बोलता येतं'. पदोन्नतीच्या यादीत त्याचं नाव होतं. माझं नव्हतं.

शिपाईभाऊ सगळ्यांसमोर म्हणाला, "काहून जी, तुमचं नाव नाई यादीत?" त्याचा दोष नाही, त्याला खरंच नवल वाटलं होतं. दुपारी पेढ्याचा डबा माझ्या टेबलावर आला. मी घेतला. आजही पेढा पाहिला की ती दुपार आठवते.

साहेबांकडे गेलो. त्यांनी मान वर न करता सांगितलं, "तुम्ही सीनियर आहात, समजूतदार आहात. पुढच्या वेळी बघू." दहा वर्षांत काम अडलं की हेच साहेब मला खुर्ची ओढून द्यायचे. त्या दिवशी मी उभाच होतो.

कारण कळलं ते आस्थापना शाखेत. माझं सेवापुस्तक काढायला लावलं. विभागीय परीक्षा मी 2016 ला पास झालो, निकालाचा आदेश घरी फाइलमध्ये आहे. सेवापुस्तकात त्या साली अर्जित रजेची नोंद, वेतनवाढीची नोंद, गटविम्याची नोंद, आणि परीक्षेच्या जागी काहीच नाही. पदोन्नती समितीपुढे गेलेल्या तक्त्यात माझ्या नावासमोर लिहिलं होतं, 'परीक्षा उत्तीर्ण झाल्याची नोंद आढळून येत नाही'. सहा वर्षं ती ओळ कुणी लिहिली नाही. मी आस्थापना लिपिकाकडे पाहिलं. तो म्हणाला, "तुम्हीच आणून द्यायला पाहिजे होतं नं जी." आणि पान उलटून माझीच सही दाखवली. दरवर्षी सेवापुस्तक पाहिल्याची सही. सहाही वर्षांची. एकदाही न पाहता केलेली.

राग त्याचा आला तेवढाच स्वतःचाही आला. त्याचा जरा जास्तच, खोटं कशाला बोलू. ज्युनिअरच्या नोंदी मात्र तारखेवर चढल्या होत्या.

मग कार्यमूल्यमापन अहवालाच्या प्रती काढल्या. 2020-21 चा स्वयंमूल्यांकनाचा रकाना उघडला. पुराच्या वर्षी मी काय लिहावं? 'नेमून दिलेली कामे वेळेत पूर्ण केली.' एक ओळ. आदल्या वर्षीही तीच, त्याच्या आदल्या वर्षीही तीच. खाली साहेबांचं 'सहमत', आणि प्रतवारी 'ब'. पुराचा, रात्रींचा, याद्यांचा शब्द नाही. साहेबांनी लिहायला हवं होतं, हे मी आजही म्हणतो. पण मीच लिहिलं नाही तिथं ते कशाला लिहितील?

तेव्हा नव्या पोरांनो, ऐका. अहवालाचं वर्ष 1 एप्रिल ते 31 मार्च असतं. वर्षभर एक वही ठेवा: कोणत्या तारखेला काय काम केलं, किती प्रकरणं निकाली काढली, कुणाच्या तोंडी आदेशावर. मार्चअखेर आठवायला बसलात तर माझ्यासारखी एकच ओळ सुचते. अहवालाची प्रत हातात आली की वाचा, शेरा पटला नाही तर मुदतीत लेखी अर्ज द्या. हा आपला हक्क आहे. सीमा रस्त्यांच्या सेवेतल्या देवदत्त नावाच्या कार्यकारी अभियंत्याला 1993-94 साली 'चांगला' असा शेरा मिळाला, बढतीला 'अतिशय चांगला' लागत होता, आणि तो शेरा त्यांना कुणी कळवलाच नव्हता. 2008 साली सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या खटल्यात ठरवलं की शेरा बरा असो की वाईट, कर्मचाऱ्याला कळवलाच पाहिजे. मला तर कळवला होता! मी प्रत ड्रॉवरमध्ये टाकली होती.

सेवापुस्तकावर सही करण्याआधी पान न् पान पाहा. दुय्यम सेवापुस्तक घरी ठेवा आणि दोन्ही ताडून बघा. परीक्षेचा निकाल, प्रशिक्षण, संगणकाचं प्रमाणपत्र, जे मिळेल ते अर्जासोबत द्या आणि पोच घ्या. आवक क्रमांक नसलेला अर्ज दिला नाही असंच समजा. तात्पुरती ज्येष्ठता यादी लागली की आपलं नाव, जन्मतारीख, नियुक्तीची तारीख तपासा; हरकतीची मुदत गेली की तुमचं कुणी ऐकत नाही. मत्ता-दायित्वाचं विवरणपत्र दरवर्षी 31 मेच्या आत द्या.

बाकी वेळेवर जा, नम्र राहा, नवीन शिका, हे सगळेच सांगतात. मीही सांगतो. वेळेवर तर मी दहा वर्षं गेलो. आणि बैठकीत बोलायला शिका. मला अजून नीट जमत नाही, घसा कोरडा पडतो.

बायको म्हणते, "दहा वर्षं झाली की आश्वासित प्रगतीचे पैसे मिळतात नं, मग कशाला जीवाला लावून घेता?" पगारवाढ मिळते, खरं आहे. खुर्ची मिळत नाही. ज्याला मी नोटिंग लिहायला शिकवलं, त्याच्यासमोर चौदा महिने फाइल घेऊन उभा राहिलो, ते तिला कसं सांगू?

अर्ज दिला, निकालाच्या आदेशाची साक्षांकित प्रत जोडली, नोंद झाली. पुढच्या यादीत, 2023 च्या मेमध्ये, वरिष्ठ लिपिक झालो. पेढे वाटले नाहीत. ज्युनिअरच्या पदोन्नतीचाच दिनांक मलाही मानीव दिनांक म्हणून मिळावा, असा अर्ज त्याच महिन्यात दिला आहे. पोच माझ्याकडे आहे. फाइल सध्या तिसऱ्या टेबलावर आहे.