गाळातले वैभव

अहिल्यानगर जिल्ह्यातील कोपरगाव आणि राहाता या तालुक्यांत गोदावरीच्या कालव्यांचे पाणी फिरते व त्यावर उसाचे मळे डोलतात. हे पाणी येते कोठून? कालव्याच्या काठाने वर वर गेले, तर आपण शेजारच्या नाशिक जिल्ह्यात, निफाड तालुक्यातील नांदूर-मधमेश्वर येथे पोहोचतो. तेथे गोदावरी व कादवा या नद्यांच्या संगमाजवळ शंभराहून अधिक वर्षांपूर्वी एक बंधारा बांधण्यात आला.

बंधारा बांधला तो शेतीसाठी. परंतु दर पावसाळ्यात नद्यांनी पाण्याबरोबर गाळही आणला. तो बंधाऱ्यामागे साचत गेला. जलाशय उथळ झाला, मध्ये बेटे तयार झाली, त्यांवर लव्हाळे माजले. माणसाच्या हिशेबी हा तोटाच होता. पण ती तूट पाखरांच्या खाती जमा झाली!

हिवाळ्यात भल्या सकाळी चापडगावच्या बाजूने येथे यावे. पायवाटेने हलक्या पावलांनी चालावे, मोठ्याने बोलू नये. निरीक्षणासाठी उभारलेल्या मनोऱ्यावर चढून दुर्बीण डोळ्यांना लावावी. मग त्या चिखलात केवढी वर्दळ आहे, ते दिसू लागते. चमचा पक्षी आपली चपटी चोच उथळ पाण्यात डावी-उजवीकडे फिरवून बारीक जलचर टिपतो. शेकाट्या आपल्या लांब, तांबड्या पायांवर तोल सांभाळीत किडे वेचतो. कमळपक्षी तरंगत्या पानांवरून खुशाल चालतो. कपाळी पांढरा टिळा ल्यालेला काळाभोर वारकरी पोहता पोहता बुडी मारतो. जांभळी पाणकोंबडी लव्हाळ्यांतील कोवळे कोंब खाते. एकाच चिखलात प्रत्येकाची पंगत निराळी! पट्टकादंब हंस तर हिमालय ओलांडून येथे पाहुणा येतो. एवढ्यात आकाशात दलदली भोवत्या हा शिकारी पक्षी घिरट्या घालू लागला, की बदकांचे थवे भर्रकन उडतात.

१९८६ साली हे स्थळ अभयारण्य म्हणून घोषित झाले. पाणथळ प्रदेशांच्या रक्षणासाठी १९७१ साली इराणमधील रामसर या गावी एक आंतरराष्ट्रीय करार झाला होता. त्या करारान्वये महत्त्वाच्या ठरलेल्या स्थळांत २०२० साली नांदूर-मधमेश्वरचे नाव जाहीर झाले. महाराष्ट्राला हा मान प्रथमच मिळाला. वनस्पती व प्राणी मिळून ५३६ जातींची येथे नोंद आहे.

परंतु हे वैभव निर्धास्त नाही. गावांचे सांडपाणी नदीत मिसळते. जलपर्णी पसरून पाणी झाकून टाकते. कालव्यांना पाणी सोडले, की जलाशयाची पातळी उतरते. सारा गाळ उपसला, तर पाणी अधिक मावेल. पण दलदल नाहीशी होईल. गाळ तसाच राहू दिला, तर साठा कमी पडेल. शेतकऱ्याला पाणी हवे, पाखराला चिखल हवा. दोघांचीही गरज खरी आहे.

मग उपाय कोणता? तो काही अंशी आपल्याच हाती आहे. पाटाचे पाणी वाया जाऊ न दिले, तर थोड्या पाण्यात पीक निघते आणि जलाशयावरचा भार हलका होतो. कोपरगावच्या शिवारात पाणी जपून वापरणारा शेतकरी नकळत त्या दूरच्या पाखरांचाही सांभाळ करीत असतो.

स्वाध्याय

१. बंधाऱ्यामागे दलदल कशी तयार झाली?
२. ‘एकाच चिखलात प्रत्येकाची पंगत निराळी’ हे उदाहरणे देऊन स्पष्ट करा.
३. गाळ उपसावा की राहू द्यावा? तुमचे मत सकारण लिहा.
४. तुमच्या गावाजवळील तळ्यावर येणाऱ्या पक्ष्यांची यादी करा.