ज्युनिअरमधून सीनिअरमध्ये: घाई कोणाला?

दहावी जवळ आली की स्केटिंग करणाऱ्या मुलांच्या घरी एकच विषय निघतो: खेळ चालू ठेवायचा की क्लास लावायचा? अलिबाग असो, मुरूड असो की श्रीवर्धन, आईबाबांची काळजी सारखीच. नेमक्या याच वयात मुलांना सीनिअर गट समोर दिसू लागतो, म्हणून निर्णय जड जातो.

आधी वस्तुस्थिती

फिगर स्केटिंग हा मूळचा बर्फावरचा खेळ. त्याची मोठी रिंक देहरादूनला आहे, आपल्या किनाऱ्यावर नाही. भारताची राष्ट्रीय विजेती तारा प्रसादसुद्धा अमेरिकेत वाढली, तिथेच घडली. आपल्या मुलांसाठी खरा रस्ता चाकांवरच्या आर्टिस्टिक स्केटिंगचा आहे. अ‍ॅक्सल, लुट्झ या उड्या तिथेही त्याच. हैदराबादच्या अनुपकुमार यामाने २०१०च्या ग्वांगझू आशियाई स्पर्धेत याच प्रकारात एकेरीत आणि अवनी पांचाळसोबत जोडीत अशी दोन कांस्यपदकं मिळवली.

सीनिअर गटात काय बदलतं?

बर्फावर ज्युनिअरचा फ्री प्रोग्रॅम साडेतीन मिनिटांचा, तर सीनिअरचा चार मिनिटांचा. शेवटच्या त्या अर्ध्या मिनिटातच कस लागतो. त्यातच वयात येताना उंची-वजन वाढतं आणि काल सहज बसणारी उडी आज बसत नाही. अ‍ॅक्सलमध्ये तर पुढे तोंड करून उडी घ्यायची आणि पाठमोरं उतरायचं, म्हणजे अर्धी फिरकी जास्त. शरीराचा तोल बदलला की ती सर्वांत आधी बिघडते. हा आळस नव्हे. अशा वेळी ओरडू नका. नव्या शरीराची सवय व्हायला वेळ द्या.

बर्फावरच्या स्केटिंगच्या आंतरराष्ट्रीय संघटनेलाही हे पटलं. सीनिअर गटाचं किमान वय १५ होतं, ते टप्प्याटप्प्याने २०२४-२५च्या हंगामापासून १७ झालं.

लवकर वर जाण्याचं एक उदाहरण पाहा. अमेरिकेची फिगर स्केटर अलिसा लिऊ २०१९मध्ये तेराव्या वर्षी देशाची सीनिअर विजेती झाली. सोळाव्या वर्षी, २०२२मध्ये, तिने खेळच सोडला. दोन वर्षांनी ती स्वतःच्या इच्छेने, स्वतःच्या अटींवर परतली आणि २०२५मध्ये बॉस्टनला जगज्जेती झाली. दुसरीकडे, चाकांवरच्या स्पीड स्केटिंगमध्ये भारताच्या आनंदकुमार वेलकुमारने २०२१मध्ये जागतिक ज्युनिअर रौप्यपदक मिळवलं. २०२३च्या हांगझू आशियाई स्पर्धेत सिद्धांत कांबळे, विक्रम इंगळे आणि आर्यनपाल यांच्यासह रिलेचं कांस्य आलं आणि २०२५मध्ये तो सीनिअर जगज्जेता झाला. मधली चार वर्षं वाया गेली नव्हती, त्याच वर्षांत तो घडला.

पालकांनी काय करावं?

- खारी हवा बेअरिंगला गंज आणते. सराव संपला की चाकं काढून बेअरिंग कोरड्या कापडाने पुसायची, तेलाचा एक थेंब सोडायचा. हे काम मुलांनाच करू द्या.
- पावसाळ्यात उघडी रिंक बंद असते. तेव्हा घरात किंवा सभागृहात दोरीच्या उड्या, लवचिकतेचे व्यायाम आणि बुटांविना उड्यांचा सराव चालू ठेवा.
- शालेय स्पर्धांची माहिती शाळेतून आणि अलिबागच्या जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयातून घ्या. मूळ प्रमाणपत्रं जपा. दहावी-बारावीच्या क्रीडागुणांचा प्रस्ताव शाळेमार्फत मुदतीत जातो, याची खात्री करा.
- दहावीच्या वर्षी सराव कमी करा, पण बंद करू नका.
- गुडघा किंवा घोटा सतत दुखत असेल, तर स्पर्धा सोडा आणि डॉक्टर गाठा.

प्रत्येक मूल पदक आणणार नाही, पण प्रशिक्षक, पंच, नृत्यदिग्दर्शक, फिजिओथेरपिस्ट, शारीरिक शिक्षण शिक्षक ही कामंही या खेळातून पुढे सापडतात. म्हणून शिक्षण सोडून खेळ नको आणि शिक्षणासाठी खेळाचा बळीही नको.

विद्यार्थ्यांनो, सीनिअर गटात उशिरा गेलात तरी काही बिघडत नाही. पालकांनो, यंदाच्या पदकाची चौकशी थोडी कमी करा आणि मुलाला एकदा मोकळेपणाने विचारा: तुला अजून खेळायचंय का? उत्तर 'हो' असेल, तर त्याच्या पाठीशी ठाम उभे राहा.