प्रा. एन. डी. पाटील : शिक्षणाचे ऋण मानणारा लोकनेता

18 मार्च 1956 रोजी आग्रा येथे बोलताना परमपूज्य बाबासाहेबांनी शिकलेल्या वर्गाविषयी खंत व्यक्त केली होती. शिकलेले लोक समाजाकडे पाठ फिरवतात, हे त्यांचे दुःख होते. वसतिगृहाच्या अन्नावर वाढलेल्या आम्हां सर्वांना ती खंत आजही लागू आहे. म्हणूनच एका शेतकरीपुत्राच्या चरित्राचा अभ्यास आम्ही येथे मांडत आहोत.

नारायण ज्ञानदेव पाटील यांचा जन्म 15 जुलै 1929 रोजी सांगली जिल्ह्यातील ढवळी या गावी शेतकरी कुटुंबात झाला. अर्थशास्त्र हा त्यांचा विषय. साताऱ्याच्या छत्रपती शिवाजी महाविद्यालयात ते प्राध्यापक होते आणि 'कमवा आणि शिका' योजनेचे रेक्टरही. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या या योजनेत गरीब मुलगा स्वतःच्या श्रमावर शिके; कोणाच्या दयेवर नव्हे. 1960 मध्ये ते इस्लामपूरच्या महाविद्यालयाचे प्राचार्य झाले.

प्राचार्यपदाची सुरक्षित वाट सोडून शेतकरी कामगार पक्षाच्या कार्याला त्यांनी आयुष्य वाहिले. 18 वर्षे ते विधान परिषदेत होते. 1985 ते 1990 या काळात कोल्हापूरचे आमदार होते. मंत्रिपद मात्र पुलोद सरकारात, 1978 ते 1980 एवढेच लाभले. खाते होते सहकाराचे.

याच सरकारच्या काळात 27 जुलै 1978 रोजी विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव संमत केला. पाठोपाठ मराठवाड्यात आमच्या वस्त्या पेटल्या. ते नाव प्रत्यक्षात येण्यास 14 जानेवारी 1994 उजाडावे लागले, तेही नामविस्ताराच्या रूपाने. सभागृहातील बहुमताने गावाचे मन बदलत नाही, हा इतिहासाचा धडा आम्ही रक्त देऊन शिकलो.

गावाचे मन बदलायचे तर सभागृहाबाहेर राबावे लागते. एन. डी. सर तसे राबले. महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे अध्यक्षपद त्यांनी सांभाळले. 1990 पासून ते रयत शिक्षण संस्थेचे चेअरमन होते आणि शिक्षणाच्या बाजारीकरणाला सतत विरोध करीत राहिले. वयाच्या ऐंशीच्या उंबरठ्यावर ते रायगडच्या सेझविरोधी लढ्यात शेतकऱ्यांसोबत उभे होते. त्यानंतर कोल्हापूरच्या टोलविरोधी आंदोलनातही. 17 जानेवारी 2022 रोजी कोल्हापूर येथे त्यांचे निधन झाले.

त्यांचे मंत्रिपद दोन वर्षांचेही नव्हते. लोकांमधील काम मात्र अखेरपर्यंत चालले. पद गेल्यावर जे काम उरते, तीच माणसाची खरी ओळख, असे आम्हांस वाटते. पालकहो, आपल्या पाल्याला साहेब अवश्य करा. परंतु त्याची गावाकडची वाट मोडू देऊ नका. आणि माजी विद्यार्थ्यांनो, आपल्या ताटातील पहिला घास कोणाच्या दानातून आला होता, याचे स्मरण ठेवा. बाबासाहेबांची ती खंत दूर करणे आपल्याच हाती आहे.

जयभीम!