अल्गोल : ग्रहण लागणारा तारा

चंद्र-सूर्यांची ग्रहणे आपण सर्वांनी पाहिली आहेत. परंतु ताऱ्यालाही ग्रहण लागते आणि ते आपल्या ग्वाल्हेरच्या गच्चीवरून नुसत्या डोळ्यांनी दिसते, हे पुष्कळांस ठाऊक नसते.

ययाती तारकासमूहातील अल्गोल हा असा तारा होय. डिसेंबरच्या आरंभी रात्री दहा-साडेदहाच्या सुमारास तो माथ्यावर, किंचित उत्तरेस असतो. एरवी त्याची प्रत २.१ असते, परंतु दर २ दिवस २० तास ४९ मिनिटांनी तो ३.४ प्रतीपर्यंत मंदावतो. त्या वेळी त्याचा जेमतेम एक-तृतीयांश प्रकाश उरतो. मंदावणे व उजळणे मिळून सुमारे दहा तास लागतात.

इंग्लंडातील यॉर्क येथील जॉन गुडरिक या कर्णबधिर तरुणाने १७८२-८३ मध्ये हा नियमितपणा शोधून काढला. तेव्हा तो अवघा अठरा वर्षांचा होता. एखादा काळोखा गोल या ताऱ्याभोवती फिरत असावा, असा तर्क त्याने मांडला. १८८९ मध्ये जर्मन ज्योतिर्विद फोगेल याने वर्णपटाच्या साहाय्याने अल्गोलला जोडीदार असल्याचे सिद्ध केले. अशा जोड्यांस ग्रहणकारी युग्मतारे म्हणतात. ग्रहणाचा अवधी, प्रकाशातील घट आणि वर्णपट यांवरून ताऱ्यांचे आकारमान व वस्तुमान काढता येते.

निरीक्षणाची रीत सोपी आहे. देवयानीतील गॅमा (२.१), ययातीतील डेल्टा (३.०) व कॅपा (३.८) हे तुलनेचे तारे ओळखून ठेवावेत. अल्गोल गॅमाहून मंद व डेल्टाहून तेजस्वी असून दोहोंमधील अंतराच्या दोन-तृतीयांश खाली वाटला, तर त्याची प्रत २.७ धरावी. दर पंधरा मिनिटांनी वेळेसह नोंद करून आलेख काढावा. उतरत्या व चढत्या बाजूंवरील समान प्रतीच्या बिंदूंची मध्यवेळ हाच ग्रहणमध्य. तीन दिवसांनी तो सुमारे ३ तास ११ मिनिटे अगोदर येतो.

आता एवढा खटाटोप कशासाठी? काही जोड्यांत एका ताऱ्याचे द्रव्य दुसऱ्याकडे वाहते व त्यांचा आवर्तनकाल किंचित बदलतो. हा बदल अनेक वर्षांच्या नोंदींवाचून कळत नाही, आणि मोठ्या वेधशाळांना प्रत्येक ताऱ्याकडे रोज पाहण्यास सवड नसते. ते काम हौशी निरीक्षक करतात. बंगालमधील जेसोर येथे खजिन्यात कारकुनी करणारे राधागोविंद चंद्र यांनी रूपविकारी ताऱ्यांच्या सदतीस हजारांहून अधिक नोंदी अमेरिकेतील निरीक्षक-संघटनेकडे पाठविल्या. त्या संघटनेने १९२६ मध्ये त्यांना सहा इंची दुर्बीण धाडली. पुण्यातही १९४४ मध्ये हौशी अभ्यासकांची ज्योतिर्विद्या परिसंस्था स्थापन झाली.

मात्र एक पथ्य पाळावे. ग्रहणाची अपेक्षित वेळ ठाऊक असली की डोळा तेच पाहू लागतो. म्हणून दिसले तेवढेच लिहावे. ढग आले तर 'ढग' असे लिहावे. गणिताशी न जुळणारी प्रामाणिक नोंदच कदाचित ताऱ्यातील नवा बदल सांगणारी ठरेल. जुळवून आणलेली नोंद मात्र शास्त्राची दिशाभूल करील. विद्यार्थिमित्रहो, वही, पेन्सिल व घड्याळ एवढ्यावर या कामास आरंभ करता येतो.