देहात दडलेले भय

जासईच्या रस्त्याने बंदराकडे जाणाऱ्या एखाद्या अवजड गाडीचे चाक फुटले म्हणजे मोठा आवाज होतो. तरुण मंडळी क्षणभर दचकतात व पुन्हा कामास लागतात. परंतु ज्याने १६ जानेवारी १९८४ रोजी ह्याच गावी पोलिसांच्या बंदुका ऐकल्या, त्याचे काय होत असेल? नव्या मुंबईकरिता घेतलेल्या जमिनींचा रास्त मोबदला मिळावा म्हणून उरण-पनवेलचे शेतकरी ह्याच गावच्या दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली उभे राहिले होते. त्या दिवशी व दुसऱ्या दिवशी झालेल्या गोळीबारांत पाच जण प्राणास मुकले. त्यांचे स्मरण होते, व ते योग्यच आहे. पण जे जिवंत घरी परतले त्यांच्या मनाची विचारपूस फारशी झाली नसावी, असे आम्हांस वाटते. त्या वेळी वीस वर्षांचा असलेला मनुष्य आज साठी ओलांडून गेला आहे.

अशा मनुष्यास गाडीचे चाक फुटले हे ठाऊक असते. तरी त्याचा श्वास अडकतो, हात थरथरतात, पोटात गोळा येतो. मन जाणते, पण देह जाणत नाही. ह्याचे कारण असे की, संकट दिसताच छाती धडधडू लागते, स्नायू ताठ होतात, व देह लढावयास किंवा पळावयास सिद्ध होतो. दोन्ही अशक्य झाले तर तो जागच्या जागी गोठतो. संकट टळल्यावर ही सिद्धता उतरावी, हा नियम. परंतु आघात फार मोठा असला तर कित्येकांच्या ठायी ती उतरतच नाही, आणि देह पहारेकऱ्यासारखा वर्षानुवर्षे जागा राहतो. झोप उडते, लहानसहान गोष्टींवरून संताप येतो, सांधे व पाठ दुखते.

आम्ही उपदेशक मंडळी अशांस काय सांगतो? "विसरून जा," "धीर धरा," आणि कधी तर "विश्वास कमी पडतो." शेजारी भगताकडे नेतात. ह्यांपैकी एकानेही त्या देहाचा पहारा उठत नाही. एलीया संदेष्टा जीव घेऊन रानात पळाला व मरण मागू लागला, तेव्हा देवदूताने त्याला उपदेश केला नाही. स्पर्श करून उठविले, भाकर व पाणी दिले, आणि पुन्हा निजू दिले. बोलणे नंतर झाले. हा क्रम आपण नीट पाहावा.

देहाकडे लक्ष देणारे उपचार ह्याच क्रमाने चालतात. उपचार करणारा रुग्णास घडलेली हकीकत एकदम सांगावयास लावीत नाही. पाय जमिनीस टेकले आहेत काय, पाठीस आधार आहे काय, आवळल्यासारखे कोठे वाटते आणि मोकळे कोठे, हे तो पाहावयास सांगतो. मग भयाची आठवण किंचित जवळ येऊ द्यावयाची, आणि देह ताठू लागताच लक्ष मोकळ्या जागी परत आणावयाचे. ओहोटीच्या वेळी चिखलात पाऊल चाचपून टाकावे, तसे हे काम आहे. श्वास सावकाश बाहेर सोडल्याने छातीची धडधड मंदावते, म्हणून त्याचाही उपयोग करितात.

२००४ च्या त्सुनामीनंतर तमिळनाडूच्या कोळी गावांत सुमारे दीडशे लोकांस अशी मदत देण्यात आली, व बहुतेकांस बरे वाटल्याचे नोंदले गेले. मात्र तेथे तुलनेस दुसरा गट नव्हता, म्हणून त्यावर फार भार टाकू नये. २०१४ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेला प्रयोग अधिक भक्कम आहे. दीर्घकाळ आघाताने पिडलेल्या ६४ स्त्रियांचे दोन गट करून एका गटास दहा आठवडे सौम्य योगासने व दुसऱ्यास आरोग्याची माहिती देण्यात आली. शेवटी पहिल्या गटातील ३१ पैकी १६ जणींत त्या विकाराची पुरती लक्षणे उरली नव्हती. दुसऱ्यात २९ पैकी ६ जणींतच असे झाले. तरीही आघाताविषयी तज्ज्ञाशी पद्धतशीर बोलून होणाऱ्या उपचारास आजही अधिक पुरावा आहे. देहाचा उपचार त्याची जागा घेतो असे आम्ही म्हणत नाही.

गावात कोणी असा दुःखी असेल तर त्यास डोळे मिटावयास भाग पाडू नये. कित्येकांचे भय त्याने वाढते. न विचारता खांद्यावर हात ठेवू नये, प्रार्थनेच्या वेळीही नाही. बरोबर चालावे, चहा घ्यावा, तो बोलेल तितकेच ऐकावे. मात्र झोप महिनाभर परत आली नाही, दारू वाढली, किंवा तो जीव देण्याची भाषा करू लागला, तर त्यास एकटे न सोडता सरकारी दवाखान्यात न्यावे. १४४१६ ह्या क्रमांकावर टेलिमानस ही सरकारची विनामूल्य सेवा २०२२ पासून आहे, आणि तेथे मराठीतही बोलता येते.